रोमन ‘ओ’वरच्या तिरक्या रेघेचा उच्चार सगळ्या भाषांत एकच असतो का?

ही रेघ सगळीकडे एकच उच्चार दाखवते का आणि मराठीत नाव लिहिताना ती सोडून दिली तर चालते का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. स्पॅनिशमध्ये ती केवळ आघात कोठे द्यायचा ते सांगते, म्हणून कोर्दोबा या शहराच्या नावात जोर पहिल्या अक्षरावर येतो. हंगेरियनमध्ये तीच रेघ ‘ओ’ लांबवते. आणि पोलिशमध्ये तर ‘ओ’चा ‘उ’ होतो.

माझ्या आजीचे माहेर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतांश स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात तेथील छावणीत राहिले होते. आजीच्या घरून छावणीत दुधाचा रतीब जाई आणि तिच्या आठवणींत एक युझेफाबाई सतत येत. पुढे मला त्या बाईंचे छायाचित्र सापडले. त्याच्या मागे शाईने लिहिलेले नाव मी शाळेतल्या इंग्रजीच्या जोरावर ‘जोझेफा’ असे वाचले आणि आजीची चूक दाखवू लागलो. “तिनं सोताच्या तोंडानं सांगितलेलं नाव हाय ते,” एवढेच आजी म्हणाली. पोलिश शिकू लागल्यावर आजीचेच बरोबर होते हे मला कळले. रेघ असलेला हा स्वर एके काळी दीर्घ ‘ओ’ होता. बोलण्यात तो सरकत सरकत ‘उ’ला जाऊन मिळाला, लिहिण्यात मात्र ‘ओ’च राहिला. म्हणूनच पोलिशमध्ये देव म्हणजे ‘बुक’ आणि देवाचा म्हणजे ‘बोगा’.

ही आठवण मी एका स्मरणिकेसाठी लिहिली, तेव्हा संपादकांनी मला न विचारता ‘युझेफा’चे ‘जोसेफा’ केले. वाचकांना नाव ओळखीचे वाटावे, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही, कारण इंग्रजीची सवय म्हणजे मराठी वाचकाची सोय नव्हे. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतले दोन्ही ‘च’ पोलिशमध्ये आहेत आणि त्यांतला दुसरा दाखवायला तेथे ‘सी’वर अशीच तिरकी रेघ देतात, आपल्या लिपीत तेवढीही खूण नाही, तरी आपले कान चुकत नाहीत. अशा कानांना ‘युझेफा’ जड जाईल, हे मी मानत नाही.

तेव्हा देवनागरीत रेघ सुटणारच, पण तिने सांगितलेला उच्चार सोडू नये. तो त्या भाषेच्या माणसाला विचारून लिहावा. अर्थात हंगेरियन ‘ओ’ची लांबी देवनागरीत दाखवता येत नाही आणि ‘पॅरिस’सारखी मराठीत रुळलेली नावे बदलण्याचे कारण नाही. मात्र ज्या व्यक्तीने आपले नाव स्वतः उच्चारून सांगितले आहे, तिच्या बाबतीत ही सवलत कोणत्याही संपादकाला नाही. माझ्याकडच्या स्मरणिकेच्या प्रतीत मी ते नाव शाईने दुरुस्त करून ठेवले आहे.