झोन मोठा आला, पण एमआयसी कुठाय?

तुझा मेल वाचला. वनस्पतीच्या अर्काने टायफॉइडच्या जंतूंवर 18 मिमीचा झोन (अर्काभोवती जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ) आला म्हणून तू पेपर लिहायला बसणार म्हणतोयस, जरा दम धर. आधी सांग, नुसत्या डीएमएसओच्या (अर्क ज्यात विरघळवला त्या सॉल्व्हंटच्या) खळग्याभोवती काय दिसलं? सॉल्व्हंटचा कंट्रोल नसेल तर तो झोन वनस्पतीमुळे आला की सॉल्व्हंटमुळे, हे कुणीच सांगू शकत नाही.

आणि झोनवर एवढा भरवसा ठेवूच नको. अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) जे सहज पसरतं त्याचा झोन मोठा, तेलकट संयुगं पसरतच नाहीत, मग चांगला अर्कसुद्धा फुसका दिसतो. म्हणून एमआयसी काढ, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं अर्काचं सगळ्यात कमी प्रमाण. 96 खळग्यांची प्लेट घे, दर मिलीलीटरला जंतूंच्या साधारण 5 लाख पेशी, शेजारी तुलनेला सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक हवंच. अर्क काळपट असला की जंतू वाढल्याचा गढूळपणा डोळ्यांना कळत नाही, मग रेझाझुरिन हा रंग टाकायचा, निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर जंतू जिवंत. पण काही अर्क स्वतःच त्याला गुलाबी करतात (यात भलेभले फसतात), त्यामुळे जंतू न टाकता फक्त अर्काचीही एक रांग ठेव.

आकडा आला की प्रामाणिकपणे बघ. कच्च्या अर्काची एमआयसी दर मिलीलीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या आसपास असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे, 1000 च्या वर गेली तर सोडून दे, शरीरात तेवढं पोचणारच नाही. लोक दर मिलीलीटरला 10 मिलिग्रॅमला (म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅमला) जंतू मेले म्हणून "प्रभावी" लिहून टाकतात, मला ते अजिबात पटत नाही. शिवाय साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉइडचा जंतू, ग्राम-निगेटिव्ह, बाहेरचं आवरण बऱ्याच गोष्टी आत येऊच देत नाही, आणि रुग्णात तो मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींच्या आत लपून बसतो, ते प्लेटवर दिसत नाही.

अजून एक, लोक ती वनस्पती वापरतात कशी ते नीट विचार. काढा करत असतील आणि तू मेथनॉलने अर्क काढलास तर तू वेगळीच गोष्ट तपासतोयस. मलेरियाच्या आर्टेमिसिनिनचं तसंच झालं, जुन्या चिनी ग्रंथात पाला पाण्यात भिजवून पिळायला सांगितलंय हे वाचल्यावर चिनी शास्त्रज्ञ तू योयो (Tu Youyou) यांनी उष्णता टाळून कमी तापमानाला ईथर वापरलं आणि मग कुठे जमलं, 2015 चं नोबेल त्यालाच.

हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) नमुना जमा कर, ओळख पक्की नसेल तर बाकी सगळं वाया.

आणि टायफॉइडची लस घेतलीस का? लॅबमधून हे जंतू लागल्याच्या केसेस आहेत, नसेल घेतली तर आधी ती घे आणि कल्चर बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडत जा.