चौथ्या दिवशीच्या आरशावर विश्वास ठेवू नका

ताई, वरच्या-खालच्या पापण्यांचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले, डावा डोळा जास्त सुजलाय आणि तीन आठवड्यांवर भाचीचं लग्न आलंय, म्हणून घाबरलात. माझं दोन वर्षांपूर्वी झालं, तेही नागपुरात, भर एप्रिलमध्ये. (सासूबाई नको म्हणत होत्या. ऐकायला हवं होतं.)

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत चढतच असते, मग ओसरू लागते. दोन्ही डोळे जोडीनं ओसरत नाहीत. ज्या कुशीवर झोपता ती बाजू सकाळी फुगलेली दिसते. मी दोन उशा घेऊन उताणी झोपायचे. जांभळे डाग पाचव्या दिवशी गालावर उतरले, तेव्हा गोकुळपेठ बाजारातली भाजीवाली हळूच म्हणाली, "घरी सगळं बरं हाये ना, बाई?"

खरा छळ कूलरनं केला. सुरुवातीला पापणी पूर्ण मिटत नाही, झोपेत डोळा किंचित उघडा राहतो. त्यावर रात्रभर कूलरचा वारा! सकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं. मग कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं, दिवसा थेंब आणि रात्री मलम नेमानं घातलं, तेव्हा कुठं सुटले. कूलरमध्ये बादलीनं पाणी भरणं दोन आठवडे नवऱ्याकडे दिलं, कारण वाकलं किंवा जड उचललं की डोळ्यांवर ताण येऊन आतून रक्त येऊ शकतं. गॉगलशिवाय उन्हात जाऊ नका. फोडणीच्या ठसक्यापासूनही लांबच राहा.

बर्फाचा शेक पहिल्या दोन दिवसांतच जास्त उपयोगी, तुमचा तो काळ गेला. टाके साधारण पाच ते सात दिवसांत निघतात. काजळ आणि कॉन्टॅक्ट लेन्सला दोनेक आठवडे तरी सुट्टी, पुढे डॉक्टर सांगतील तसं. लग्नापर्यंत लोकांच्या नजरेत भरेल अशी सूज बहुधा उरणार नाही. पापणीच्या घडीतली टाक्यांची रेघ मात्र काही महिने गुलाबी राहील आणि पापण्यांचा खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी कळेल. तोवर दर सकाळी मोबाइलवर झूम करून दोन डोळे जुळवत बसू नका, मी ते करून पुरती वेडी झाले होते.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. एकाच डोळ्यात अचानक वाढती कळ, डोळा पुढे आल्यासारखा किंवा दगडासारखा कडक, नजर अंधुक, यातलं काहीही झालं तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा. डोळ्यामागं रक्त साचलं तर काही तासांत दृष्टी जाऊ शकते. बहुतेकदा हे पहिल्या चोवीस तासांत होतं, पण नंतर कधीच होत नाही असं नाही. मलमाचा धूसरपणा पापण्या मिचकावल्या की हटतो. आत्ताच उजवा डोळा झाकून डाव्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचा, आणि दिसली की नाही ते इथं लिहा.