सीए फायनलचा ग्रुप परत राहिला, आता पुन्हा बसू का?

मी समुपदेशनाचं काम करते. निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे हाच प्रश्न येतो. मुलं विचारतात, "मॅडम, परत बसू का?" त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, तो बाहेर यायला दोन-तीन भेटी जातात: परत बसलो आणि परत राहिला, तर घरात तोंड कसं दाखवू?

मागच्या नोव्हेंबरात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर आलेल्या एका मुलीबद्दल लिहिते आहे. तिनं लिहायला होकार दिला आहे, ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. ती पास झाली का, हे आधीच सांगून टाकते. तिचा निकाल अजून लागायचा आहे.

ती आली, बसली आणि मोबाईल टेबलावर उलटा ठेवला. बोलता बोलता तो सरळ करायची, मार्कांचा स्क्रीनशॉट बघायची, परत उलटा ठेवायची. सीए फायनलचा दुसरा ग्रुप तिचा पहिल्याच झटक्यात निघाला होता. पहिला ग्रुप तिसऱ्यांदा राहिला होता. एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) ४४, एएफएम (अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) ५९, ऑडिट ४१. बेरीज १४४.

ज्यांच्या घरात सीए करणारं कुणी नाही त्यांच्यासाठी सांगते. फायनल म्हणजे सीए होण्याची शेवटची परीक्षा, तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात किमान ४० लागतात आणि ग्रुपच्या तीन पेपरांचे मिळून ३०० पैकी १५०. चाळिशी तिनं तिन्हीकडे पार केली होती, बेरजेत सहा कमी पडले. दुसरा नियम असा की ग्रुप राहिला तरी एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त मिळाले, तर पुढच्या तीन अटेम्प्टपर्यंत त्या पेपराचं एक्झम्प्शन लागतं, तो पुन्हा द्यावा लागत नाही. तिला एएफएममध्ये ५९ होते.

"एक मार्क, मॅडम. एक मार्क मिळाला असता तर एएफएम सुटला असता. आता परत तिन्ही पेपर देतो मी." (आमच्या कोल्हापुरात मुली 'जातो', 'करतो' असंच बोलतात, बाहेरच्यांना नवल वाटतं.) पहिल्या तासात ती कुठूनही निघाली तरी त्या ५९ वर येऊन थांबायची. बॅचमधल्या मैत्रिणींचं, येणाऱ्या स्थळांचं, आईनं गल्लीत आधीच सांगून ठेवल्याचं, काहीही बोलत असली तरी फिरून एकोणसाठ. रंकाळ्यावर फिरायला जाणंही तिनं बंद केलं होतं, कारण तिथं ओळखीचं कुणीतरी भेटतं आणि निकालाचं विचारतं.

झोप कशी आहे, विचारलं. पहाटे चारला लागते म्हणाली. जेवण? आईनं ताट वाढलं की जेवते. मग मी तिला सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" हा प्रश्न मी परीक्षेत राहिलेल्या प्रत्येक मुलामुलीला विचारते. विचारल्यानं डोक्यात नसलेली गोष्ट भरते ही पालकांची भीती खरी नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मरावं असं नाही. पण निकालाच्या दिवशी वाटलं, आपण कुणाला दिसूच नये." त्यावर आम्ही पुष्कळ बोललो. रात्री असं वाटलं तर कुणाला उठवायचं हे ठरवलं आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये घालायला लावला. सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्या कुणाला गरज असेल तर त्यांनीही तो आत्ताच घालून ठेवावा.

उठताना म्हणाली, "जानेवारीचा फॉर्म आजच भरून टाकतो. घरात सांगायला काहीतरी राहील."

मी तिला आज भरू नकोस म्हटलं, मुदत संपायला अजून काही दिवस होते. २०२५ मध्ये फायनलची परीक्षा वर्षातून तीनदा व्हायला लागली होती: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. आधी मे आणि नोव्हेंबर अशी दोनदाच व्हायची. थोडक्यात हुकलेल्यांसाठी हा बदल फार चांगला होता, सहा महिने तिष्ठत बसावं लागत नव्हतं. पण माझ्या खोलीत मला त्याची दुसरी बाजूही दिसायची. रडून होण्याआधी पुढचा फॉर्म समोर यायचा. लाज झाकायला मुलं तो भरायची, तीच पुस्तकं त्याच पानापासून उघडायची आणि दोन महिन्यांनी त्याच पेपरला तशीच जाऊन बसायची. तिचा तिसरा अटेम्प्ट असाच झाला होता.

दुसऱ्या भेटीला तिचे वडील आले. शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या पेढीवर दिवाणजी आहेत. दिवाळी पाडव्याला सौद्यांचा मुहूर्त होऊन हंगाम नुकता लागलेला, त्यातून दोन तास काढून आले होते. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. मला वाटलं हे आता मुलीची बाजू तरी मांडतील नाहीतर तक्रार तरी. ते म्हणाले, "मॅडम, हिनं कष्टात काय कमी केलं नाही. मी रात्री पाण्याला उठतोय तर हिचा दिवा चालूच असतोय." आणि गप्प बसले.

मी त्यांना त्यांच्या कामाचं विचारलं. खरं तर नुसतं वातावरण सैल व्हावं म्हणून. पेढीवर आता कॉम्प्युटर आहे, तरी रोजची कीर्द ते अजून हातानं लिहितात. मी म्हटलं, मेळ बसला नाही तर काय करता?

"बसतो की रात्री. पण सगळ्या पावत्या पुन्हा लावत नाही. आधी फरक किती पडलाय ते बघायचं. फरकाला नवानं भाग गेला, तर समजायचं कुठंतरी आकडे उलटे पडल्यात. छत्तीसच्या जागी त्रेसष्ट."

"सत्तावीसचा फरक," ती पटकन बोलून गेली. आल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज नेहमीसारखा लागला.

"हां. मग तसली जागा हुडकायची." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तुझा फरक किती?"

"सहा."

"कुठल्या पानावर पडलाय?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. तीन अटेम्प्ट झाले होते आणि आपली एकही उत्तरपत्रिका तिनं पाहिलेली नव्हती. सोय ठाऊक होती. निकालापासून एक महिन्याच्या आत ऑनलाइन अर्ज केला की तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मिळते. बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढ्यापुरती पडताळणीही मागता येते, मात्र उत्तर पुन्हा तपासून मार्क वाढवून मिळत नाहीत. "बघायची भीती वाटत होती," ती म्हणाली. वडिलांनी मान हलवली. त्याच संध्याकाळी तिनं एफआर आणि ऑडिट दोन्हींसाठी अर्ज केला. जानेवारीचा फॉर्म भरला नाही.

प्रती आल्या तेव्हा ती त्या एकटीनं उघडायला तयार नव्हती, म्हणून माझ्याकडे घेऊन आली. मला हिशेबातलं कळत नाही, मी फक्त शेजारी बसले. एफआरची उत्तरपत्रिका ती भराभर सरकवत होती आणि एका ठिकाणी थांबली. पुढं कोरं होतं. एका कन्सॉलिडेशनच्या (मुख्य आणि उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याच्या) उदाहरणात तिचा तासाच्या वर वेळ गेला होता आणि शेवटचा १४ मार्कांचा आख्खा प्रश्न राहून गेला होता. "हे मला आठवतच नव्हतं," ती म्हणाली. घरी तिनं एफआर बरा गेला असं सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. नंतरचे सगळे दिवस तिचं मन एएफएमच्या त्या एका मार्कापाशी बसून होतं, त्यामुळे ४४ मार्कांच्या पेपरात काय झालं ते कुणी बघितलंच नव्हतं. नापास झालेल्यांच्या बाबतीत मला हे फार वेळा दिसलं आहे. जिथं सगळ्यात जास्त लागलेलं असतं तिथंच बघत बसायला होतं, आणि दुरुस्ती भलतीकडेच करायची असते.

ऑडिटचं काम तिच्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीच्या, सरांनी केलं. नव्या पद्धतीत पेपरात ३० मार्क बहुपर्यायी प्रश्नांना आणि ७० लेखी उत्तरांना असतात. उत्तरपत्रिकेवरची बेरीज केली तर लेखीत १९ भरले. म्हणजे ४१ मधले २२ बहुपर्यायी प्रश्नांनी दिले होते. विषय येत होता, लिहिण्यात गोम होती. सरांनी एक उत्तर वाचून दाखवायला लावलं: तोट्यातली कंपनी, बँकेचे हप्ते थकलेले, ऑडिटरनं काय करावं? तिनं दीड पान लिहिलं होतं, सगळं समंजस. पण ज्यावर प्रश्न उभा आहे त्या एसए ५७० चा (धंदा पुढं चालू राहील का, हे बघण्याबद्दलच्या ऑडिटच्या मानकाचा) उल्लेख नव्हता, आणि रिपोर्टमध्ये शेवटी काय लिहायचं तेही नव्हतं. सर म्हणाले म्हणे, "क्लायंटला समजावतेस तसं लिहिलंयस. आधी तरतूद लिही, मग दिलेली परिस्थिती तिला लाव, मग निष्कर्ष."

मी तिला विचारलं, तिन्ही अटेम्प्ट मिळून घड्याळ लावून पूर्ण पेपर किती लिहिलेस? तिनं आठवून सांगितलं, "एक. तो पण अर्धा." बाकी सगळा वेळ लेक्चर दुप्पट वेगानं पुन्हा ऐकण्यात आणि पुस्तक चार रंगांनी रंगवण्यात गेला होता. पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं, ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला एक प्रयोग मी अशा मुलांना आवर्जून सांगते. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

शिवाय रात्री तीनपर्यंत जागायचं आणि दुपारी झोपायचं हा तिचा रिवाज होता, आणि फायनलच्या पहिल्या ग्रुपचा पेपर असतो दुपारी दोन ते पाच. आम्ही फार मोठं वेळापत्रक केलं नाही. रात्री साडेअकराला दिवा बंद, सकाळी सरांच्या ऑफिसात अर्धा दिवस काम, आणि दुपारी दोनला पेन हातात. सुरुवातीला एकच प्रश्न, मग दोन, मार्चपासून आठवड्याला एक आख्खा पेपर. ऑफिसच्या कामाला आईचा विरोध होता, अभ्यासाचा वेळ जातो म्हणून. मला ते काम हवंच होतं. दिवसातून चार तास तरी तिला कुणीतरी कामाची समजत होतं.

परत बसावंच असं माझं म्हणणं नाही. सीएची इंटर परीक्षा झालेला, आर्टिकलशिप पुरी केलेला एक मुलगा पाचव्या अटेम्प्टनंतर आला होता. चार भेटींनंतर त्यानं थांबायचं ठरवलं. आज इचलकरंजीत एका सूतव्यापाऱ्याचे सगळे हिशेब सांभाळतो आणि शांत झोपतो. त्याचाही निर्णय मला तेवढाच धाडसाचा वाटतो. मुलीबरोबर आम्ही तीही वाट कागदावर लिहून काढली होती: किती अटेम्प्ट, किती पैसे, आणि मग काय. कागद वडिलांनी घडी करून खिशात ठेवला.

मेमध्ये तिनं तिन्ही पेपर दिले. एफआरमध्ये एकही प्रश्न सोडला नाही, एवढंच तिनं कळवलं. मार्कांचा अंदाज मी विचारला नाही.

परवा ती येऊन गेली, निकालाचा दिवस कसा काढायचा ते ठरवायला. मागच्या वेळी मामा, मावशी, गल्लीतल्या दोघी, सगळे मोबाईलभोवती गोळा झाले होते. या वेळी तिनं रोल नंबर कुणाला दिलेला नाही. ती एकटीच बघणार, आणि सांगायचं ते मीच सांगेन असं तिनं आईला सांगितलं आहे. आई थोडी रुसली, मग हो म्हणाली. वडिलांनी त्यावर फार काही म्हटलं नाही. सकाळी यार्डात जाताना चपला घालता घालता बोलले, "बघितलास की आधी मला फोन कर. कायपण असू दे. मी पेढीवरनं उठून येतो."