‘काहीतरी खटकलं’ याला क्लिनिकल निर्णय म्हणायचं का?

तू विचारलंस की वॉर्डातले सीनियर फार्मासिस्ट चिठ्ठी बघून आधी ‘हे खटकतंय’ म्हणतात आणि कारण मागाहून शोधतात. हा नुसता अंदाज की खरं कौशल्य, आणि फार्म.डी. या औषधशास्त्राच्या पदवीच्या इंटर्नशिपमध्ये ते शिकता येतं का?

शिकता येतं. फक्त खटकणं म्हणजे निर्णय नव्हे. ते आपल्याला थांबवतं, पुढचं काम तर्काचं.

काउंटरवरचा एक प्रसंग सांगते. एक गृहस्थ आईसाठी तोंड आल्यावर लावायचं जेल मागत होते. हातात आईची नेहमीची चिठ्ठी होती: संधिवात, मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड. मनात शंकेची पाल चुकचुकली. पण तोंड यायला साधी कारणं ढीगभर असतात. कवळी टोचते, बी-कॉम्प्लेक्स कमी पडतं. म्हणून शंका खरी की खोटी याचा एका झटक्यात निकाल लावेल असा प्रश्न हवा होता. ‘आठवड्यातून एकदाच घेतात ना?’ असं विचारलं की लोक ‘हो’ म्हणून मोकळे होतात. मी विचारलं, ‘दादा, ही गोळी आई कोणत्या वारी घेतात?’

‘वार कसला, रोज सकाळी चहानंतर.’

संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. त्यांच्या घरी मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड या दोन्ही गोळ्या लहान, पिवळ्या, एकाच डब्यात. अदलाबदल झाली होती. रोज पोटात गेलं की तोंडातले व्रण ही सुरुवातीची खूण, मग अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरतात. जेल दिलंच नाही. गोळी बंद करायला सांगून तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि किडनीच्या तपासण्या झाल्या, मेथोट्रेक्सेटवरचा उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिड सुरू झालं. (फॉलिनिक, फॉलिक नव्हे. इथे एका अक्षरावर जीव अवलंबून असतो.)

माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारे हर्बर्ट सायमन म्हणायचे की अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणं, त्यापलीकडे काही नाही. मला ते पूर्ण पटतं. व्रण आणि मेथोट्रेक्सेट ही जोडी आधी डोळ्यांखालून गेलेली असते, म्हणूनच ती खटकते.

पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे, आणि सीनियर लोक ती कमी सांगतात. जे नेहमीसारखं दिसतं ते खटकतच नाही. ७८ वर्षांच्या आजी, वजन ४२ किलो, न्यूमोनिया, लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ७५० मिग्रॅ रोज. क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ घटक) १.१. लॅबच्या कागदावर आकड्याखाली रेघ नाही, बाण नाही. कुणाचंही मन म्हणेल, ठीक आहे. आता किडनी क्रिएटिनिन किती वेगाने बाहेर टाकते, म्हणजे ‘क्लिअरन्स’, याचा अंदाज देणारं १९७६ चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र लाव: १४० मधून वय वजा केलं की ६२, गुणिले ४२, भागिले (७२ गुणिले १.१), आणि स्त्री म्हणून गुणिले ०.८५. उत्तर येतं मिनिटाला जेमतेम २८ मिली. क्लिअरन्स २० ते ४९ मध्ये असेल तर ही ७५० ची मात्रा ४८ तासांनी एकदा द्यायची असते. रोज दिली तर औषध साचतं, आजी असंबद्ध बोलू लागतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. अंगात स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिनही कमी, एवढंच त्या ‘नॉर्मल’ आकड्यामागचं गौडबंगाल.

म्हणून वयस्कर, हडकुळा पेशंट आणि किडनीतून बाहेर पडणारं औषध दिसलं की मन काहीही म्हणो, सूत्र लावायचंच. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफेरिनवर असलेल्या पेशंटला मेट्रोनिडाझोल किंवा को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक सुरू झालं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) कधी बघणार हे विचारायचंच. या गोष्टी खटकण्यावर सोडू नकोस.

सरावासाठी एक सवय लाव. काही खटकलं की संदर्भ उघडण्याआधी वहीत एक ओळ लिही: काय खटकलं आणि कशामुळे असं वाटतं. मग तपास. शंका फोल ठरली तरी खोडू नकोस. आपण कुठे उगाच दचकतो हेही कळायला हवं. सीनियरना ‘तुम्ही नेमकं काय पाहिलंत?’ असं विचार. ‘अनुभवाने कळतं’ एवढ्यावर त्यांना सोडू नकोस.

आणि डॉक्टरांना फोन करताना ‘मला जरा शंका वाटते’ अशी सुरुवात नको. सरळ सांग: ‘सर, बेड अमुक, ७८ वर्षं, ४२ किलो, क्रिएटिनिन १.१, क्लिअरन्स २८ येतोय. लिव्होफ्लॉक्सासिन ७५० रोज चालू आहे, दिवसाआड करू या का?’ इतकं नेमकं विचारलं की बहुतेक डॉक्टर लगेच चार्ट मागवून घेतात.