वारेची गाठ, एचपीएल आणि बीटा एचसीजी

प्रश्न (सांगली): माझ्या बहिणीचं दुसरं बाळंतपण होऊन अडीच वर्षं झाली. पाळी अनियमित झाली म्हणून क्युरेटिंग केलं. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये ‘प्लॅसेंटल साइट ट्रोफोब्लास्टिक ट्यूमर, एचपीएल पॉझिटिव्ह’ असं आलंय, म्हणजे वारेच्या जागच्या पेशींची गाठ. एचपीएल (वारेत तयार होणारं ह्युमन प्लॅसेंटल लॅक्टोजेन) हे वाढीच्या हार्मोनच्या जातीचं असतं असं वाचलं. म्हणजे गाठ झपाट्याने वाढणार का? बीटा एचसीजी (गर्भारपणाचं हार्मोन) फक्त ८६ आहे, मग काही महिने थांबून पाहिलं तर चालेल का?

उत्तर: थांबू नका. या गाठीच्या पेशी मुळातच एचसीजी कमी बनवतात. कोरिओकार्सिनोमात (वारेच्या पेशींचाच दुसरा कॅन्सर) आकडा हजारो-लाखोंत जातो आणि रोग किती आहे याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. इथे आकडा ८६ असूनही गाठ गर्भाशयाच्या स्नायूत खोल शिरलेली असू शकते. ओटीपोटाचा एमआरआय आणि छाती-पोटाचा सीटी स्कॅन लगेच करून घ्या.

आता ‘पॉझिटिव्ह’ शब्दाबद्दल. १७ व्या गुणसूत्रावर वाढीच्या हार्मोनच्या घराण्याचे पाच जीन एका ओळीत आहेत. जीएच-१ मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत चालतो. मुलांची उंची वाढवणारं हार्मोन ते हेच. बाकीचे चार वारेतले. त्यांतला जीएच-२ वारेचं ग्रोथ हार्मोन तयार करतो, सीएसएच-१ आणि सीएसएच-२ मिळून एचपीएल तयार करतात, चौथ्याचा वाटा नगण्य. वार गर्भाशयाला जिथे चिकटते तिथल्या पेशींत एचपीएलचे जीन चालू असतात. गाठ त्याच पेशींपासून झालेली, म्हणून तिच्यातही ते चालू राहतात. एचपीएल पॉझिटिव्ह म्हणजे गाठीचं गाव कळलं, तिचा वेग नव्हे.

रोग गर्भाशयापुरता असेल तर मुख्य उपचार गर्भाशय काढण्याचाच. अंडाशय बहुतेक वेळा ठेवता येतात. कमी धोक्याच्या कोरिओकार्सिनोमात चालणारं एकट्या मेथोट्रेक्सेटचं (केमोथेरपीचं औषध) इंजेक्शन इथे पुरत नाही, आणि तिथे धोका मोजायला वापरतात तो फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा गुणांक या गाठीला लावत नाहीत. आधीच्या गर्भारपणाला ४ वर्षांहून जास्त काळ लोटला असेल तर धोका बराच वाढतो. बहिणीचं अंतर त्याहून कमी आहे, ही जमेची बाजू. आजार दुर्मीळ आहे. त्यामुळे ऑपरेशनआधी ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड दोन्ही घेऊन टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर केंद्रात पुन्हा वाचून घ्या. नुसता रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही.

प्रश्न (नागपूर, पॅथॉलॉजी विद्यार्थी): एचपीएलच्या स्टेनमध्ये सगळीकडे तपकिरी पार्श्वभूमी येते. खरं पॉझिटिव्ह कसं ओळखायचं?

उत्तर: गर्भारपणात एचपीएल आईच्या रक्तात मुबलक असतं. रक्ताने भिजलेला तुकडा उशिरा फॉर्मॅलिनमध्ये गेला की ते आजूबाजूच्या फायब्रिनमध्ये आणि स्ट्रोमात झिरपून बसतं. तुकड्याच्या किमान दहापट १०% बफर्ड फॉर्मॅलिन घ्या. पूर्ण गर्भाशय आलं असेल तर आधी उघडा, नाहीतर आतला भाग फिक्स होतच नाही. स्टेनआधी ३% हायड्रोजन पेरॉक्साइडने पेरॉक्सिडेज बंद करा. कंट्रोल म्हणून पूर्ण दिवसांच्या वारेचा असा ब्लॉक ठेवा ज्यात गर्भाशयाकडचा तळही आलेला आहे. त्यात सिन्सिटिओट्रोफोब्लास्ट (विलस म्हणजे वारेच्या बोटासारख्या फांद्या, त्यांवरचा बाहेरचा थर) गडद आणि विलसच्या आतला गाभा स्वच्छ दिसला तरच ती बॅच वाचायची. रंग पेशीच्या सायटोप्लाझममध्ये हवा. पेशींच्या मधला रंग मोजू नका.

एकट्या एचपीएलवर निदान मात्र कधीच देऊ नका. बाळंतपणानंतर उरलेली, निरुपद्रवी ‘एक्झॅजरेटेड प्लॅसेंटल साइट’ही एचपीएलला तितकीच गडद येते. फरक की-६७ (विभागणाऱ्या पेशी दाखवणारा स्टेन) दाखवतो: तिथे तो १% च्या खाली, गाठीत साधारण १०% च्या वर. पी-६३ हा आणखी एक स्टेन गाठीत निगेटिव्ह. तो पसरून पॉझिटिव्ह आणि एचपीएल मात्र तुरळक असेल तर एपिथेलिऑइड ट्रोफोब्लास्टिक ट्यूमर या वारेच्या पेशींच्या दुसऱ्या गाठीचा विचार करा. सगळ्यात जास्त फसगत की-६७ मोजताना होते. या भागात लिम्फोसाइट भरपूर असतात आणि त्यांची केंद्रकंही रंगतात. म्हणून त्याच स्लाइडवर केराटिनचा दुसरा रंग घ्या आणि दोन्ही रंग असलेल्याच पेशी मोजा.

प्रश्न (पुणे, संशोधक): अशा जुन्या ब्लॉकमधून जीएच-२ चं एक्स्प्रेशन (जीन किती चालू आहे ते) आरटी-पीसीआरने, म्हणजे आरएनएवरून, मोजता येईल का?

उत्तर: येईल, पण प्राइमरवर (नेमका जीन पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा) सगळं अवलंबून आहे. या जीनांचे क्रम ९०% हून जास्त सारखे असल्याने साधा प्राइमर सीएसएच-१ लाच पकडतो, आणि तो वारेत कितीतरी जास्त प्रमाणात असतो. प्राइमरचं ३-प्राइम टोक वेगळ्या बेसवर बसवा, उत्पादन सिक्वेन्स करून पाहा. फॉर्मॅलिनमुळे आरएनएचे तुकडे होतात, तेव्हा वाढवायचा तुकडा म्हणजे अ‍ॅम्प्लिकॉन १०० बेसच्या आसपास ठेवा. उरलेला डीएनए काढायला डीएनेज द्या आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली एक नळी नेहमी लावा. सीएसएच-१ आणि सीएसएच-२ ची तयार प्रथिनं मात्र हुबेहूब सारखी असतात. त्यामुळे कोणता जीन चालू आहे हे आरएनएवरूनच ठरेल, अँटिबॉडीने नाही.