शैक्षणिक खेळ आहेत, पण मूल खेळतच नाही

"इतके शैक्षणिक खेळ आणले, पण दहा मिनिटांच्या वर बसत नाही. एकाग्रताच नाही हो तिच्यात." ही तक्रार इतक्या पालकांकडून ऐकली आहे की आता मी आधी मुलाबद्दल नाही, खेळाबद्दल विचारते.

साडेपाच वर्षांच्या एका मुलीची आई अशीच आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मी म्हटलं, "ज्या खेळावर ती सगळ्यांत जास्त रुसते तो घेऊन या आणि इथे घरच्यासारखंच खेळा." आला 60 तुकड्यांचा जिगसॉ. पहिल्या पाच मिनिटांत आईनं अकरा वेळा सुधारलं. "तिथे नाही गं." "रंग बघ ना आधी." "उलटा धरलायस." मुलगी तुकडा उचलायची आणि चित्राकडे बघण्याआधी आईच्या चेहऱ्याकडे बघायची.

पुढच्या भेटीत मी मारिया माँटेसरींच्या साधनांपैकी एक पुढे ठेवलं. लाकडी ठोकळा, त्यात कमी-अधिक जाडीचे 10 दट्टे आणि प्रत्येकाचं आपलं भोक. आईला एकच विनंती केली, हात मांडीवर आणि तोंड बंद. मुलीनं चौथा दट्टा जरा मोठ्या भोकात टाकला. तो गेला, पण डुगडुगत राहिला. शेवटी हातात जाड दट्टा उरला आणि समोर उरलं बारीक भोक. तिनं सवयीनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. खोलीत शांतता. मग मुलगी स्वतःशीच पुटपुटली, "हा हलतोय," आणि नेमका तोच बाहेर काढला. सगळं बसल्यावर कुणी न सांगता तिनं ते आणखी तीनदा केलं.

आईचे डोळे भरले होते. "मॅडम, तिला कळतं की!"

"कळत होतंच. आजवर चूक तुम्ही दाखवत होता, आज ठोकळ्यानं दाखवली."

खेळ निवडताना मी हीच कसोटी सगळ्यांत वर ठेवते, आणि अनुभवानं तिच्यावरचा माझा विश्वास वाढतच गेला आहे. चूक झाल्याचं मुलाला खेळातूनच कळतं का? तुकडा बसत नाही, मनोरा पडतो, तराजू झुकतो, तेव्हा मूल पुन्हा करून बघतं. मोठ्या माणसानं दर वेळी 'चूक' म्हटलं की खेळाची परीक्षा होते, आणि परीक्षेतून मूल पळणारच.

दुसरं म्हणजे, काम कोण करतं, खेळ की मूल? बटण दाबल्यावर खेळणंच अक्षरं म्हणत असेल, तर मुलाच्या वाट्याला फक्त बटण येतं. साधे ठोकळे तिसऱ्या वर्षी रांग होतात, सहाव्या वर्षी पूल.

काठिण्य मात्र खोक्यावरच्या वयावरून ठरवू नका. एकदाही न अडखळता पूर्ण झालं तर खेळ सोपा. दर पावलाला हाक मारावी लागली तर अवघड. या मुलीला आम्ही 24 तुकड्यांवर आणलं. जोड्या लावायचे पत्ते असतील तर सगळे मांडू नका, 6 जोड्यांपासून सुरुवात करा. खेळ बहुधा वाईट नसतो, एका वेळी फार पसरलेला असतो.

संख्यांसाठी 1 ते 10 घरांची सरळ पट्टी आणि 1 किंवा 2 दाखवणारी चकती पुरते. इथे एक बारीक पण मोठा फरक आहे. सोंगटी 4 वर असताना 2 पडले, तर मुलानं "एक, दोन" नव्हे, "पाच, सहा" म्हणत पुढे जायचं. "एक, दोन" म्हटलं तर घरातल्या आकड्याशी नातं जुळत नाही आणि पट्टीचा उपयोग जवळजवळ वाया जातो.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावेल असा कोणताही भाग नको. बटण-सेलचं झाकण स्क्रूनं बंद हवं. गिळलेला सेल अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकतो. सुटे शक्तिशाली लोहचुंबक तर घरातच नकोत.

त्या घरातले चौदा खेळ एकदम मांडलेले असत. आता चार बाहेर, दहा कपाटात, दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. साठ तुकड्यांचा जिगसॉ मुलीनं तीन महिन्यांनी स्वतःच मागून घेतला, आणि आईला सांगितलं, "तू तिकडे बस."