गुलाबी रंग टिकत का नाही?

प्रश्न : बाटलीतल्या फसफसत्या लिंबूपेयाची आम्लता अल्कली (आम्ल शमवणारा द्रव) सोडून मोजताना दर वेळी आकडा वेगळा येतो, शेवटी येणारा गुलाबी रंगही उडतो. काय चुकतं?

उत्तर : दोष बहुधा वायूचा. विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही अल्कली खातो, आकडा फुगतो. पेय आधी दोन पेल्यांत ओतून-ओतून वायू घालवा. बुडबुडे असताना पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) अचूक भरतच नाही. मग 10 मिली शंकुपात्रात घेऊन मिनिटभर उकळा, गार करा. उकळून गार केलेलं 50 मिली ऊर्ध्वपातित पाणी, फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कली जास्त होताच गुलाबी होणारा दर्शक) 2 थेंब घाला. ब्युरेटमधून (तोटीची मापनळी) 0.1 नॉर्मल (तीव्रतेचं माप) सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे ती अल्कली, सोडा, शेवटी थेंबाथेंबाने. फिकट गुलाबी छटा 30 सेकंद टिकली की थांबा. नंतर ती उडाली तर उडू द्या, तो हवेतला वायू! गर्द गुलाबी झालं तर मात्र पुन्हा करा. लागलेली 1 मिली अल्कली म्हणजे 6.4 मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल (लिंबातलं आम्ल). 3 मिली लागली, तर 10 मिली पेयात 19.2 मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला 1.92 ग्रॅम. ब्युरेटच्या तोटीत अडकलेला बुडबुडाही तपासा.